शाळेसाठी दुरावलेले मूल : श्याम, लंपन आणि किशोर यांच्या निमित्ताने अनुबंध-विचाराची चिकित्सा

प्रस्तावना

शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात अलीकडे ‘अटॅचमेंट’ आणि ‘ट्रॉमा’ हे दोन शब्द वारंवार कानी पडू लागले आहेत. पहिल्यासाठी ‘अनुबंध’ आणि दुसऱ्यासाठी ‘मानसिक आघात’ हे प्रतिशब्द प्रस्तुत लेखात वापरले आहेत. मूल आणि त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यात आरंभीच्या वर्षांत जो विश्वासाचा बंध निर्माण होतो, त्याच्या बळावर मूल पुढे जगाला सामोरे जाते. हा बंध तुटला, विस्कटला अथवा नीट जुळलाच नाही, तर त्याचे पडसाद वर्गातील वर्तनात उमटतात. म्हणून शिक्षकाने वर्तनामागचे दुखणे ओळखावे, असा या विचाराचा थोडक्यात आशय आहे. या आशयाशी कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाचाही नाही. वाद आहे तो हा विचार आपल्याकडे ज्या स्वरूपात पोहोचला, त्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यशाळेत उपस्थित राहण्याचा योग आला. साधनव्यक्तींनी एक छापील तक्ता वाटला. वर्गातील एखादा ‘त्रासदायक’ विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा आणि त्याच्या घरातील मारहाण, व्यसन, आजारपण, आई-वडिलांचा घटस्फोट इत्यादी बाबींपुढे खुणा करून बेरीज मांडावी, असे त्याचे स्वरूप होते. मागच्या बाकावरून आश्रमशाळेतील एका शिक्षिकेने विचारले, “आमची सगळीच मुलं पहिलीपासून घराबाहेर आहेत. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?” हा मुद्दा चर्चेच्या सत्रात घेऊ, असे उत्तर मिळाले. चर्चेच्या सत्रापूर्वी चहा झाला आणि चहानंतर प्रमाणपत्रवाटप.

त्या बाईंचा प्रश्न हाच या लेखाचा विषय आहे. पाश्चात्त्य देशांत हा विचार शाळेत शिरला तो प्रामुख्याने एका गृहीतकाच्या आधारे. घराने मुलाला दुखावले आहे आणि शाळा हे त्याला सावरणारे सुरक्षित ठिकाण आहे, असे ते गृहीतक. आपल्याकडे मात्र अनेक मुलांच्या बाबतीत ताटातुटीचे कारणच शाळा असते. मूल घरापासून तुटते ते शिकण्यासाठी. हे आपल्या साहित्याने फार पूर्वीपासून नोंदवून ठेवले आहे. आपण मात्र ते वेगळ्या हेतूने वाचत आलो. साने गुरुजींची ‘श्यामची आई’, प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ या तीन साहित्यकृती शेजारी ठेवून हा प्रश्न तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

सिद्धांताची पार्श्वभूमी

जॉन बोल्बी (१९०७–१९९०) या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९४४ मध्ये चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १७ मुले पहिल्या पाच वर्षांत आईपासून दीर्घकाळ दुरावलेली होती. तुलनेसाठी घेतलेल्या तेवढ्याच मुलांमध्ये अशी मुले केवळ २ होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने १९५१ मध्ये लिहिलेला अहवाल, १९६९ ते १९८० या काळातील त्याचे तीन खंड आणि मेरी एन्सवर्थ हिची निरीक्षणे यांतून अनुबंध-सिद्धांत उभा राहिला. बोल्बीचे स्वतःचे बालपण दाईच्या हाती गेले, ती दाई तो सुमारे चार वर्षांचा असताना घर सोडून गेली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याला निवासी शाळेत धाडण्यात आले. निवासी शाळेविषयीची कटुता त्याने पुढे कधी लपविली नाही. म्हणजे या सिद्धांताच्या मुळाशीच शाळेसाठी घराबाहेर काढलेले एक मूल आहे. कार्यशाळांतील पारदर्शिकांवर बोल्बीचे छायाचित्र असते, ही गोष्ट मात्र नसते.

एन्सवर्थचे पहिले मोठे क्षेत्रकार्य १९५४-५५ मध्ये युगांडात झाले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या समाजांत मुलाला सांभाळणारे हात अनेक असतात, तेथे ‘एक आई, एक मूल’ हे चित्र अपुरे पडते. हायडी केलर हिच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी या अंगाने सिद्धांताची कठोर तपासणी केली आहे. आजी, आत्या, मावशी, थोरली बहीण यांच्या कडेवर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीत हा आक्षेप विशेष लागू पडतो.

दुसरा प्रवाह आघाताचा. फेलिट्टी आणि अँडा यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील प्रौढ रुग्णांच्या आधारे बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्रतिकूल अनुभवांची संख्या वाढते तसे उत्तरायुष्यातील आजारांचे प्रमाणही वाढते, असे दाखविले. कार्यशाळेतील तक्ता याच अभ्यासाची दूरची संतती. पण तो अभ्यास लोकसंख्येविषयी बोलतो, एकेका मुलाविषयी नव्हे. खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांसह लेख लिहून, अशा गुणसंख्येवरून व्यक्तीचे निदान करू नये, असा इशारा दिला. शाळांमधील आघातविषयक उपक्रमांच्या परिणामकारकतेचा कॅम्पबेल संस्थेच्या वतीने २०१९ मध्ये जो पद्धतशीर आढावा घेतला गेला, त्यात निकषांना उतरणारा एकही अभ्यास आढळला नाही. याचा अर्थ हे उपक्रम निरुपयोगी आहेत असा नव्हे. परंतु सिद्ध विज्ञान म्हणून ते शिक्षकांच्या गळी उतरविणे योग्य नाही, एवढे तरी त्यावरून ठरते.

श्याम : बेचाळीस रात्रींचे कथन

‘श्यामची आई’ (१९३५) हे पुस्तक मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र म्हणून आपण डोक्यावर घेतले, तर काहींनी भाबडे म्हणून बाजूला सारले. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाने हीच प्रतिमा अधिक घट्ट केली. परंतु आईकडून नजर काढून मुलाकडे वळविली, तर हे पुस्तक निराळेच दिसू लागते. शिक्षणासाठी वारंवार घर सोडावे लागलेल्या एका मुलाची ती कहाणी आहे. श्यामला आधी मामांकडे शिकायला ठेवतात, तेथून तो पळ काढतो. ‘तीर्थयात्रार्थ पलायन’ हे त्या प्रकरणाचे शीर्षकच बोलके आहे. पुढे इंग्रजी शाळेसाठी दापोलीला आत्याकडे. त्यानंतर परिस्थितीच्या रेट्यामुळे आणखी दूर. आईचा शेवटचा आजार आणि मृत्यू तो दूर शिकत असतानाच घडतो. तो घरी पोहोचतो तेव्हा उरलेली असते ती राख. पुस्तकातील बहुतेक आनंदाचे प्रसंग हे घरी ‘येण्याचे’ आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दापोलीहून पायी चालत, पावसाळ्यात ओढे ओलांडून, धाकट्या भावासाठी साठविलेल्या पैशांतून शिवलेला कोट घेऊन येणारा श्याम हा केवळ बंधुप्रेमाचा आदर्श नव्हे. घरातील आपली जागा अजून शाबूत आहे ना, याची खात्री करून घेणारे ते मूल आहे. हे वाचन कोणास ओढूनताणून केलेले वाटेल. परंतु दूर राहणाऱ्या मुलांची घरी जाताना धाकट्यांसाठी काहीतरी नेण्याची धडपड ज्यांनी वसतिगृहात पाहिली आहे, त्यांना ते तसे वाटू नये.

‘मोठा होण्यासाठी चोरी’ या प्रकरणात श्याम पुस्तकाच्या लोभाने पैसे चोरतो. बोल्बीच्या ४४ मुलांची येथे आठवण होणे साहजिक आहे आणि नेमके येथेच सावध राहणे आवश्यक आहे. तक्ता हाती असलेला शिक्षक ‘ताटातूट अधिक चोरी’ अशी बेरीज करून मोकळा होईल. पण बोल्बीने पाहिलेली ताटातूट पहिल्या पाच वर्षांतील होती आणि त्याला भेटलेल्या काही मुलांचे वैशिष्ट्य भावशून्यता हे होते. श्यामच्या ठायी भावनेचा दुष्काळ नाही; असलाच तर पूर आहे. तो आईपाशी अपराध कबूल करू शकतो. कबुलीनंतरही आई आपली राहील, हा विश्वास त्या बंधात आहे. लक्षण एकच असले, तरी त्यामागची गोष्ट निराळी असते. ती कळण्यास ऐकणारा माणूस लागतो.

‘श्यामचें पोहणें’ या प्रकरणाकडे प्रस्तुत लेखक शिक्षकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. विहिरीत उडी टाकण्यास भिणाऱ्या मुलाला आई मारते. हा प्रसंग ‘छडी लागे छमछम’ छापाच्या शिस्तीचे समर्थन म्हणून आपल्याकडे सर्रास वापरला जातो. प्रत्यक्षात प्रकरणाचा जीव आहे तो मारानंतरच्या भागात. आई मुलाला जवळ घेते आणि त्याला लोकांनी भित्रा म्हणू नये, हे आपल्या कृतीमागचे कारण त्याला सांगते. तिच्या मनाला झालेले क्लेश त्यालाही दिसतात. अनुबंधाचे अभ्यासक ज्याला बंध तुटणे आणि पुन्हा सांधणे असे म्हणतात, त्याचे हे मराठीतील ठळक उदाहरण ठरावे. आपण या प्रसंगातून फोक उचलला आणि सांधणे सोडून दिले. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना बंदी केली आहे. तरीही शिक्षक-कक्षात या प्रकरणाचा दाखला दिला जातोच. श्यामच्या आईलाही मारणे टाळता आले असते, असे आज म्हणता येईल आणि म्हणावेही. परंतु दाखला द्यायचाच, तर तो अर्धा देऊ नये.

पुस्तकाच्या रचनेबाबत आणखी एक मुद्दा आहे. मेरी मेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास प्रौढांसाठी एक मुलाखतपद्धती विकसित केली. तीत व्यक्तीला आई-वडिलांशी असलेल्या नात्याचे वर्णन करणारी पाच विशेषणे विचारतात आणि प्रत्येक विशेषणाच्या पुष्ट्यर्थ आठवणीतील प्रसंग मागतात. बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यावर तिचा भर नाही; ते किती सुसंगतपणे सांगता येते, यावर आहे. नुसती स्तुती आणि तिच्या मागे एकही प्रसंग नाही, असे असेल तर ती स्तुती संशयास्पद ठरते. ‘श्यामची आई’ची घडण जवळजवळ हीच आहे. आश्रमातील सोबत्यांपुढे प्रौढ श्याम रात्रीमागून रात्र बोलतो. प्रत्येक रात्री आईचा एक गुण आणि त्याला आधारभूत एक प्रसंग. प्रसंगांत आईचा संताप आहे, कर्जामुळे झालेली मानहानी आहे, श्यामची स्वतःची लबाडी आहे. आदर्शीकरण आहेच, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ते रिकामे नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे लिहिणाऱ्या माणसाने आपल्या ताटातुटीला ऐकणारे मिळवून दिले, असे म्हणता येते.

आणि हाच माणूस १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक व छात्रालयाचा चालक होता. मुलांच्या खोल्या झाडणे, कंदिलाच्या काचा पुसणे, कपडे धुणे ही कामे साने गुरुजी स्वतः करीत. ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित स्वरूपात काढीत. चरित्रकार हे सारे सेवावृत्ती म्हणून नोंदवितात. ते खरेच आहे. परंतु घर सोडून शिकणाऱ्या मुलाला नेमके काय उणे पडते, याचे अनुभवसिद्ध ज्ञानही त्यामागे असले पाहिजे. स्वच्छ कंदील आणि रोज सकाळी कोणीतरी आपल्यासाठी लिहिलेले काहीतरी, एवढ्यावरही मूल तग धरते, हे त्यांना कोणा साधनव्यक्तीने सांगितले नव्हते.

लंपन : बेरीज शून्य

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या लंपनच्या कथा ‘वनवास’ (१९९४) या संग्रहापासून चार संग्रहांत आल्या. बेळगावकडील सीमाभागातील कानडी हेलाची मराठी, शाळा, मित्र, सुमी, आजी-आजोबांचे घर हे सारे वाचकांच्या मनात आता कायमचे वस्तीला आले आहे. लंपनचे आई-वडील व भावंडे दुसऱ्या गावी राहतात आणि तो आजी-आजोबांकडे वाढतो. एवढीच परिस्थिती. या घरात मारहाण नाही, व्यसन नाही, उपासमार नाही. उलट प्रेमाची रेलचेल आहे. कार्यशाळेतील तक्ता लंपनसाठी भरावयास घेतला, तर बेरीज शून्य येईल.

तरीही पहिल्या संग्रहाचे नाव ‘वनवास’ आहे. लंपनला कोणी दुखावलेले नाही, पण त्याच्या आनंदाला सतत एक अस्तर आहे. आपले घर तिकडे आहे आणि आपण इकडे आहोत. इकडचेही घर आपलेच आहे. मग आपण नेमके कुठले? हा प्रश्न तो कधीही थेट विचारीत नाही. तो ‘मॅड’ हा शब्द वारंवार वापरतो, काहीच्या बाही मोठे आकडे मोजतो, ऐकू येणाऱ्या आवाजांत आणि दिसणाऱ्या रंगांत बुडून जातो. समीक्षकांनी याला लेखकाच्या संवेदनशैलीचे वैशिष्ट्य मानले व ते योग्यच आहे. परंतु त्याच वेळी ती एका मुलाची स्वतःला सावरण्याची रीतही आहे. हेदर गेडीस हिने वर्गातील अनुबंधाविषयीच्या आपल्या पुस्तकात (२००६) विद्यार्थी, शिक्षक आणि अभ्यासाचे काम असा त्रिकोण कल्पिला आहे. नात्याची धास्ती असलेले मूल शिक्षकाला टाळून कामात दडते. नात्याविषयी साशंक असलेले मूल शिक्षकाला चिकटते आणि काम राहून जाते, असे तिचे निरीक्षण आहे. लंपन या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. त्याला माणसे हवी असतात आणि कामही. गाण्याच्या शाळेची कथा ‘शारदा संगीत’ पुन्हा वाचावी : कलेतील तल्लीनता आणि शिकविणाऱ्या माणसाविषयीची ओढ तेथे वेगळी काढता येत नाही. वर्गीकरणापेक्षा कथा येथे अधिक सूक्ष्म ठरते, हे समीक्षेच्या अध्यापकांनी शिक्षणशास्त्राच्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगावे असे आहे.

या कथांत आत्मचरित्र शोधण्याचा मोह आवरावा, हे समीक्षेचे पथ्य लेखकास मान्य आहे. तरी एक बाब सांगितल्यावाचून राहवत नाही. संतांचे व्यवहारातील नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कवयित्री इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे हे अपत्य आईच्या माहेरी दत्तक गेले. १९४६ मध्ये वडील वारले, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. कराडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने लेखनासाठी जे नाव घेतले, त्यात वडिलांचे नाव आणि जन्मघराचे आडनाव परत आणले. लंपनच्या वडिलांच्या मृत्यूची कथा वाचताना हे नाव मुखपृष्ठावर आहे, याचा विसर पडू नये.

किशोर : शाळा हीच सुटका

आतापर्यंतच्या विवेचनावरून शाळेने मुलाला घरापासून तोडले, असा सरळ आरोप कोणी काढील. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे आत्मकथन त्या आरोपाला छेद देते. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा. एका पुरुषासोबत राहावयास गेलेली आई त्याला आजोळी सोडून जाते. मुलींच्या कमाईवर चालणाऱ्या त्या घरात त्याच्या वाट्याला कामे, मार आणि हेटाळणी येते. येथे ताटातूट शाळेसाठी नाही. जातीने स्त्रीवर लादलेल्या व्यवसायाचे ते फळ आहे. आणि सुटकेची वाट शाळा हीच आहे. वडिलांचे नाव काय, हा प्रवेश-अर्जावरील साधा प्रश्न अशा मुलाला उघडे पाडतो, हे खरे. तरीही त्याच अर्जाच्या पलीकडे मुंबईचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर झालेल्या या मुलाने पुस्तकावर आपल्या नावापुढे आईचे नाव लावले. शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव अनिवार्य करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला, तो १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी. किशोर काळे यांचे निधन २००७ मध्ये झाले होते.

या पुस्तकात आई मुलावर प्रेम करीत नाही, असे नाही. ते तिला उघडपणे करता येत नाही. अनुबंधाच्या परिभाषेत तिला ‘अनुपलब्ध आई’ असे लेबल लावणे सोपे आहे. पण तिला अनुपलब्ध कोणी केले, हे विचारल्याशिवाय ते लेबल अन्यायकारक ठरते. घरातील दोष मोजणारा तक्ता येथे जातिव्यवस्थेचा हिशेब एका स्त्रीच्या खात्यावर मांडतो. आपल्याकडील आघात-जाणिवेच्या चर्चेतील सर्वांत गंभीर उणीव, प्रस्तुत लेखकाच्या मते, हीच आहे.

दया पवार शिक्षणासाठी संगमनेरच्या बोर्डिंगात राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांचा पाया घातला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. बहुजन समाजाचे शिक्षण बऱ्याच अंशी घर सोडूनच झाले आहे. त्यामुळे ‘मुलाला घरापासून तोडू नका’ हा उपदेश ज्यांच्या दारात शाळा होती, त्यांनी जपून करावा. प्रश्न घर सोडावे की सोडू नये, हा नाही. सोडल्यावर तेथे कोण असते, हा आहे. साताऱ्याच्या बोर्डिंगात लक्ष्मीबाई पाटील होत्या. मुलांसाठी धान्य नव्हते तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. ती आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. पण त्या मुलांच्या दृष्टीने पाहता त्याहून महत्त्वाची गोष्ट साधी आहे. रोज रात्री चुलीपाशी तीच बाई होती.

आजचे वसतिगृह

जवाहर नवोदय विद्यालयांचा प्रारंभ १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथून झाला. तेथे मूल सहावीत प्रवेश घेते. आदिवासी विभागाच्या आश्रमशाळांत ते पहिलीतच येऊ शकते. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडील मजूर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, तेव्हा मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. येथे मूल गावात राहते आणि आई-वडीलच जातात. तीन व्यवस्था, तीन प्रकारच्या ताटातुटी. कोणतीही वाईट हेतूने निर्माण झालेली नाही.

लुईस बोंबर या ब्रिटिश लेखिकेने २००७ च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक दुखावलेल्या मुलासाठी शाळेत एक ठरावीक मोठी व्यक्ती असावी, असे सुचविले आहे. सूचना उत्तम आहे. आपल्याकडे ती व्यक्ती कोठून आणावी? आश्रमशाळेत तासिका तत्त्वावरील व कंत्राटी शिक्षक सत्रासत्राला बदलतात. अधीक्षकाचे पद रिक्त असते किंवा त्याचा कार्यभार दुसऱ्याकडे असतो. कायम शिक्षकाची बदली होते. मुलाच्या दृष्टीने हे सारे जाणे आहे. त्याला बदलीचा आदेश कळत नाही, माणूस नाहीसा झालेला कळतो. तासिका तत्त्वाची झळ आपल्या महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनाही चांगलीच ठाऊक आहे. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे माहीत नाही, त्याने मुलांना स्थैर्य द्यावे, असे प्रशिक्षणात सांगणे हा क्रूर विनोद आहे. अनुबंधाची जाणीव ही शिक्षकाच्या मनोवृत्तीची बाब आहे, असे मानले की शासनाचे आणि संस्थाचालकांचे काम एका दिवसाच्या कार्यशाळेत उरकते. ती नेमणुकीची बाब आहे, असे मानले की खर्च येतो.

भाषेचेही तसेच. भिल्ली, कोरकू किंवा गोंडी बोलणारे सहा वर्षांचे मूल मराठी शाळेत दाखल होते, तेव्हा आई आणि आईची भाषा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी तुटतात. रात्री ताप आला, तर कोठे दुखते हे सांगण्यासाठीही त्याच्यापाशी शब्द नसतात. या मुलाचे गप्प राहणे ‘टाळणारा अनुबंध’ म्हणून नोंदविणारा अहवाल उद्या निघाला, तर आश्चर्य वाटू नये.

आपण महाविद्यालयीन अध्यापक या सर्वांपासून दूर आहोत, असे समजण्याचे कारण नाही. आश्रमशाळेतून, नवोदयमधून आणि साखरशाळेतून आलेली मुले पुढे आपल्याच वर्गात बसतात. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे पंच्याहत्तर टक्के उपस्थितीची यादी सूचनाफलकावर लावली आहे. यादीतील एका विद्यार्थ्याने, सणासुदीला गावी जाऊन तो नेहमी चार दिवस उशिरा का परततो, हे विचारल्यावर उत्तर दिले होते : “सर, पहिलीपासून जातोय परत. अजून सवय नाही झाली.” त्याचे नाव त्यानंतरही यादीत लागले. नियम तसा होता आणि दुसरा मार्ग शोधण्याचे कष्ट लेखकाने घेतले नाहीत.

त्या कार्यशाळेतील तक्ता अजून टेबलाच्या खणात आहे. दहा रकाने, दहाही घराविषयी. मूल किती वर्षांचे असताना शाळेसाठी घराबाहेर पडले, वर्षातून किती रात्री घरी झोपते, वसतिगृहात त्याची भाषा कोणाला येते, गेल्या तीन वर्षांत त्याला शिकविणारी किती माणसे बदलली, यांपैकी एकाही प्रश्नासाठी त्यात जागा नाही. मागे एकदा शिक्षणशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना तो दाखविला, तेव्हा कागदाची मागची बाजू कोरी आहे, हे त्यांनी लक्षात आणून दिले. पुढच्या सत्रात त्यांच्या छात्राध्यापकांसोबत बसून ती भरावी, असे ठरले आहे. त्या बाईंचाही पत्ता शोधत आहोत.